पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, लेखिका आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. विधवा व निराधार स्त्रियांसाठी त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती सदन' या संस्था स्थापन केल्या. आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दीड दशकात त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना त्यातील वचने ऐकताच समजावीत, हा या भाषांतरामागील हेतू होता. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

जन्म आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यातील ठिकाणी (आताचे कर्नाटक राज्य) चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी पाहिले होते आणि आपल्या घरातील स्त्रियांनाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. परिसरातील शास्त्रीमंडळींना हे मान्य झाले नाही. अनंतशास्त्रींनी शास्त्राधार देऊन आपल्या कृतीचे समर्थन केले, परंतु विरोध कायम राहिला. गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम उभारला तो या पार्श्वभूमीवर. पुढे आर्थिक स्थिती ढासळल्याने कुटुंबाने आश्रम सोडला आणि तीर्थयात्रेला आरंभ केला. तेव्हा रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या.

रमाबाईंचे शिक्षण प्रामुख्याने आईकडून झाले. वयाच्या आठव्या वर्षापासून लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडून संस्कृत व्याकरण, कोश आणि भागवत पुराण पाठ करून घेतले. अनंतशास्त्री स्त्रीशिक्षणाचे कैवारी असले तरी वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांना नाही, ही रूढ समजूत त्यांनीही ओलांडली नव्हती. त्यामुळे मुलींचे शिक्षण पुराणे, काव्ये व व्याकरण यांपुरते मर्यादित राहिले.

घरात मराठी बोलली जात असे, पण तिचा रीतसर अभ्यास रमाबाईंना करता आला नाही. आईवडिलांचे बोलणे ऐकून आणि प्रवासात हाती पडतील ती वृत्तपत्रे व पुस्तके वाचून त्यांनी मराठी आत्मसात केली. भ्रमंतीमुळे कानडी, हिंदुस्तानी आणि बंगाली या भाषांचाही परिचय झाला.

पुराणवाचन आणि दुष्काळ

डोंगरे कुटुंबाचा चरितार्थ पुराणवाचनावर चालत असे. गावातील देवळात, घाटावर किंवा झाडाखाली बसून संस्कृत पुराणाचे पठण करायचे आणि श्रोत्यांनी पोथीपुढे ठेवलेल्या दक्षिणेवर, फळांवर व धान्यावर निर्वाह करायचा, असा क्रम होता. काही पुराणिक मूळ पाठाचा अर्थ लोकभाषेत सांगत. पण बहुतेक ठिकाणी केवळ पवित्र शब्दांचा ध्वनी कानी पडला तरी पुण्य लाभते अशी श्रद्धा होती आणि अर्थ कळण्याची अपेक्षा नसे. रमाबाईंनी पुढे आत्मकथनपर लेखनात या प्रथेचे सविस्तर वर्णन केले आहे. लहानपणी त्या स्वतःही वाचन करीत. पवित्र ग्रंथ आणि तो ऐकणारा माणूस यांच्यामध्ये भाषेचे अंतर असते, याचा अनुभव त्यांनी प्रथम वाचक या नात्याने घेतला.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात व दक्षिणेतील इतर भागांत दुष्काळ पडला. अनंतशास्त्रींनी दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत पैसा संपवला होता. शारीरिक श्रमाची कामे करण्याची कुटुंबाला सवय नव्हती आणि भीक मागणे कमीपणाचे वाटत असे. उपासमारीने प्रथम वडील, नंतर आई आणि काही काळाने मोठी बहीण कृष्णाबाई यांचे निधन झाले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी प्रवास करीत राहिले. उत्तरेकडे व पूर्वेकडे हजारो मैल भटकून दोघे १८७८ साली कोलकात्याला पोहोचले. ज्या देवतांची उपासना केली त्यांच्याकडून काहीच उत्तर आले नाही, या जाणिवेने भावंडांची पारंपरिक श्रद्धा या काळात डळमळीत झाली होती.

कोलकाता आणि सिल्चर

कोलकात्यात रमाबाईंच्या संस्कृत वक्तृत्वाने विद्वानांना चकित केले. त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देण्यात आल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत भेट दिली आणि वेद वाचण्याचा आग्रह केला. स्त्रियांपुढे भाषणे देण्यासाठी धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना, स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाचा मार्ग नाही आणि पतिसेवा हाच तिचा एकमेव आधार आहे, असे प्रतिपादन त्यांना पुनःपुन्हा आढळले. शूद्रांनाही याच प्रकारे वंचित ठेवले असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या नंतरच्या सर्व विचारांवर या निष्कर्षाचा ठसा आहे.

कोलकात्यातच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. रमाबाईंनी ती वाचून पाहिली, परंतु त्यातील संस्कृत त्यांना परिचित असलेल्या ग्रंथांच्या संस्कृतपेक्षा इतके वेगळे होते आणि विचारही इतके अनोळखी होते की त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. त्या काळात संस्कृतवर त्यांच्याइतके प्रभुत्व असलेल्या स्त्रिया क्वचितच होत्या. तरीही विद्वत्तेच्या भाषेतून आलेला हा ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

१८८० साली श्रीनिवासशास्त्रींचे ढाक्याला निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबिहारी ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. दांपत्य आसामातील सिल्चर येथे राहू लागले. तेथे पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली आणि तेथील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून बायबलमधील उत्पत्तीची कथा समजून घेतली. संस्कृत प्रतीने जे साधले नव्हते ते बोलीला जवळच्या बंगाली पुस्तिकेने साधले. पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मात्र बिपिनबिहारींना पसंत नव्हते.

१६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेवण्यात आले. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबिहारींचे पटकीने निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यातील कार्य

१८८२ साली रमाबाई मुलीसह पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई रानडे यांच्यासह सुधारक मंडळींनी त्यांना साहाय्य केले. स्त्रियांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली.

पुण्यात त्यांनी मिशनरी शिक्षिका मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजीचा आणि मराठी नव्या कराराचा अभ्यास केला. मराठीतून बायबलशी आलेला हा त्यांचा पहिला सलग संबंध होता. मूळचे नीलकंठशास्त्री गोरे असलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक नेहेम्या गोरे यांच्याशीही त्यांचा येथेच परिचय झाला. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याशी बोलावे तशी गोरे यांची मांडणी असल्याने तिचा रमाबाईंवर विशेष प्रभाव पडला.

इंग्लंड आणि बाप्तिस्मा

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ साली मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. श्रवणदोषामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. या मठातर्फे लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवले जात असे. ते पाहून त्या प्रभावित झाल्या. अशा स्त्रियांना दंड किंवा बहिष्कार न देता प्रेमाने सावरण्याची प्रेरणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीशी येशू स्वतः बोलतो आणि तिला जिवंत पाण्याचे अभिवचन देतो, हा या कथेचा आशय आहे. शास्त्रांत जे आश्वासन त्यांना सापडले नव्हते ते येथे सापडल्याचे त्यांनी पुढे नमूद केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर केले तरी चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी स्वतंत्र बुद्धी राखली. धर्ममतांच्या अनेक मुद्द्यांवर वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे मतभेद झाले आणि त्याविषयीचा दीर्घ पत्रव्यवहार उपलब्ध आहे. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत या सूचनेला त्यांनी नकार दिला. लॅटिन ही आपल्या देशबांधवांना अपरिचित भाषा असून ती संस्कृतपेक्षा अधिक पवित्र मानण्याचे कारण नाही, म्हणून अक्षरे संस्कृत असावीत, अशी त्यांची भूमिका होती. संस्कृत ही देववाणी आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा आहे म्हणून ती हवी, असे त्यांनी स्पष्ट केले. याच काळात चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले.

अमेरिका आणि शारदा सदन

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत त्यांनी भारतीय विधवांच्या स्थितीवर व्याख्याने दिली आणि १८८७ साली 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नियोजित कार्याला अर्थसाहाय्य करण्यासाठी 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. अमेरिकेतील अनुभवांवर त्यांनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा ग्रंथ लिहिला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. बालविधवांना आश्रय व शिक्षण देणे हा सदनाचा उद्देश होता. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत.

सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना व बायबलवाचन करीत आणि ज्यांना यावेसे वाटे त्या मुली तेथे येऊन बसत. यातून मुलींचे धर्मांतर घडवले जात असल्याचा आक्षेप घेतला गेला. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ साली रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. टीकाकारांच्या मते रमाबाईंनी दिलेला शब्द मोडला होता. स्वतःच्या घरात स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे आणि ते मुलींनाही आहे, अशी रमाबाईंची बाजू होती. हा वाद महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

केडगाव आणि मुक्ती सदन

दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, रमाबाईंनी शेतीसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. बालपणी स्वतः उपासमार सोसलेली असल्याने तेथील दृश्यांनी त्या व्यथित झाल्या आणि शेकडो मुली व तरुण विधवांना त्यांनी सोबत आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांची व्यवस्था केडगावला करण्यात आली. त्यातून १८९८ साली मुक्ती सदन आकारास आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली व स्त्रिया आल्या आणि संस्थेतील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

केडगावला शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, स्वयंपाक, शिवणकाम आणि छपाई ही कामे स्त्रिया करू लागल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' सुरू झाले. अंध मुलींसाठी वेगळी सोय करण्यात आली आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. दुष्काळग्रस्त मुलींपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. काहींची मातृभाषा मराठी, काहींची हिंदी वा गुजराती होती आणि संस्थेचा रोजचा व्यवहार प्रामुख्याने मराठीतून चालत असे. दररोज सामुदायिक प्रार्थना व बायबलवाचन होई. १९०५ साली येथे झालेल्या धार्मिक जागृतीची चर्चा भारतात व परदेशांतही झाली. प्रशिक्षित स्त्रियांचे गट आसपासच्या गावांत जाऊन भजने गात आणि बायबलमधील भाग वाचून दाखवीत.

हे वाचन ऐकणाऱ्या स्त्रियांना त्यातले किती समजते, हा प्रश्न रमाबाईंपुढे रोज उभा राहत असे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलीला अनाथांच्या कैवाऱ्याविषयीचे स्तोत्र किंवा भग्नहृदयी व बंदिवान यांना सुटकेचे आश्वासन देणारा यशयाचा भाग वाचून दाखवला, तरी त्यातील शब्दच तिला अनोळखी असतील तर ते आश्वासन तिच्यासाठी नसल्यासारखेच ठरे. अर्थ न कळता केवळ ध्वनी ऐकण्याची जी पद्धत रमाबाईंनी बालपणी देवळांत पाहिली होती, तीच वेगळ्या रूपात प्रार्थनागृहात येऊ नये, अशी त्यांची धारणा होती.

पूर्वीची मराठी भाषांतरे

बायबलमधील कथा मराठीत आणण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध काव्य १६१६ साली प्रसिद्ध झाले. मात्र ते भाषांतर नसून स्वतंत्र पुराणरचना आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली आणि संपूर्ण नवा करार १८११ साली मराठीत छापला. मराठी मुलखापासून दूर तयार झाल्यामुळे या भाषांतराच्या भाषेत दोष राहिले. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशन आणि मुंबईतील बायबल सोसायटी यांनी नवी भाषांतरे केली व ती वेळोवेळी सुधारली. या सुधारणेच्या कामात बाबा पदमनजी यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती लेखकांचाही सहभाग होता.

ही भाषांतरे मिशनरी आणि सुशिक्षित पंडित यांच्या सहकार्यातून झाली होती. तिची घडण संस्कृतप्रचुर ग्रांथिक मराठीची होती. शहरी वाचकाला ती प्रतिष्ठित वाटे. खेड्यातील स्त्रीला मात्र तिचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगावा लागे. याशिवाय, संस्कृत धार्मिक परिभाषेतील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे व पूजाविधीचे अर्थ चिकटलेले असल्याने मूळ आशय बदलतो, असा रमाबाईंचा आक्षेप होता. संस्कृतच्या जाणकार असल्यामुळे या शब्दांच्या छटा त्यांना इतर भाषांतरकारांपेक्षा अधिक ठाऊक होत्या.

रमाबाईंचे भाषांतर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी भाषांतराचे काम हाती घेतले. इंग्रजीवरून मराठी करण्याऐवजी मूळ भाषांवरून भाषांतर करावे, असे त्यांनी ठरवले. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि नवा करार ग्रीकमध्ये आहे. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी या दोन्ही भाषांचा कोश व व्याकरणांच्या आधारे अभ्यास केला. लहानपणी व्याकरण मुखोद्गत करण्याची लागलेली शिस्त या कामी उपयोगी पडली. संस्थेचा कारभार, पत्रव्यवहार आणि आर्थिक जबाबदारी सांभाळून हे काम चालू होते. पुढे मनोरमाबाई आणि इतर सहकाऱ्यांनी कारभाराचा बराच भार उचलला.

भाषांतराची छपाई केडगावच्या मुक्ती छापखान्यात झाली. खिळे जुळवणे, छापणे, कागद घडणे आणि बांधणी ही कामे संस्थेतील मुली व स्त्रिया करीत. त्यांच्यापैकी अनेकजणी दुष्काळात निरक्षर अवस्थेत केडगावला आल्या होत्या आणि तेथेच वाचायला शिकल्या होत्या. ज्यांच्यासाठी हे भाषांतर होते त्यांच्याच हातून ते अक्षरबद्ध झाले, ही या ग्रंथाची लक्षणीय बाब आहे. काम पूर्ण होईल तसतसे ग्रंथाचे भाग छापले जात होते.

रमाबाईंच्या भाषांतराची ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात. बोलीत रूढ असलेले शब्द उपलब्ध असतील तेथे संस्कृत शब्द टाळले आहेत. हिंदू पूजाविधी वा वेदान्त यांच्याशी निगडित परिभाषा शक्यतो वापरलेली नाही. मूळ वाक्याशी निष्ठा राखण्यावर कटाक्ष असून मूळातील शब्दक्रम व पुनरुक्ती बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहे.

शेवटच्या वैशिष्ट्यामुळे भाषांतरात एक अंतर्विरोध निर्माण झाला. शब्द सोपे असले तरी हिब्रू किंवा ग्रीक वाक्यरचना जशीच्या तशी ठेवल्याने काही वाक्ये मराठी कानाला अवघड वाटतात. सोपेपणा आणि शब्दशः निष्ठा या दोन्ही गोष्टी रमाबाईंना एकाच वेळी हव्या होत्या. वचनात आपल्या पदरचे काही मिसळू नये ही त्यांची भावना त्यामागे होती. चर्चमधील उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले आणि रमाबाईंच्या भाषांतराचा प्रसार त्या मानाने मर्यादित राहिला.

संपूर्ण बायबलचे भाषांतर एकट्या स्त्रीने केल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८७६ साली प्रसिद्ध झाले होते. भारतीय भाषांच्या इतिहासात रमाबाईंचे कार्य या दृष्टीने एकमेव मानले जाते.

समकालीन प्रवाह

मराठी ख्रिस्ती साहित्यात याच काळात आणखी एक प्रवाह विकसित होत होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती आशय अभंग, भजन आणि कीर्तन या वारकरी परंपरेतील रूपांतून मांडला. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले. टिळकांना मराठी संतांची परंपरा ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट वाटत होती. रमाबाईंचा मात्र त्या परंपरेच्या धार्मिक परिभाषेवर विश्वास उरला नव्हता. स्त्रियांना वगळणाऱ्या शास्त्रांची भाषा त्यांना टाळायची होती. दोघांचे मार्ग भिन्न असले तरी मराठी माणसाला धर्माचा आशय स्वतःच्या भाषेत मिळावा, याबाबत दोघांचे एकमत होते.

अखेरची वर्षे

१९१९ साली ब्रिटिश सरकारने रमाबाईंना 'कैसर-ई-हिंद' पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेच्या उत्तराधिकारी म्हणून रमाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यामुळे हा आघात वैयक्तिक तसाच संस्थात्मकही होता. श्रवणशक्ती क्षीण झालेली, प्रकृती खालावलेली अशा अवस्थेतही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले आणि अखेरच्या दिवसांत ते पूर्णत्वास नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. छापून बांधलेला संपूर्ण ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. तो १९२४ साली प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

रमाबाईंच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ त्यांच्या धर्मांतराभोवती फिरत राहिले. हिंदू समाजातील अनेकांनी त्यांना परकी ठरवले, तर ब्रिटिश व अमेरिकन धर्मसंस्थांना त्यांची स्वतंत्र वृत्ती अनेकदा खटकली. परिणामी महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बराच काळ त्रोटक राहिला. देवदत्त नारायण टिळक यांच्या 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' या चरित्राने मराठी वाचकांना त्यांची नव्याने ओळख करून दिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती आदी अभ्यासकांनी स्त्रीवादी दृष्टीने त्यांच्या लेखनाचा पुनर्विचार केला.

त्यांच्या भाषांतराकडे बहुधा जीवनाच्या उत्तरार्धातील धार्मिक काम म्हणून पाहिले जाते आणि त्यांच्या सामाजिक कार्यापासून ते वेगळे काढले जाते. परंतु दोन्हींमागील प्रेरणा एकच असल्याचे त्यांच्या जीवनक्रमावरून दिसते. ज्ञान आणि मुक्ती यांवर ज्यांचा अधिकार नाकारला गेला होता त्यांना तो मिळवून देणे, हे सूत्र 'आर्य महिला समाजा'पासून बायबलच्या भाषांतरापर्यंत कायम आहे. संस्कृतमधील प्रावीण्यासाठी 'पंडिता' ही पदवी मिळवलेल्या विदुषीने आयुष्यातील सर्वांत दीर्घ श्रम संस्कृतचा आधार सोडून साधी मराठी घडवण्यावर खर्च केले. धर्मग्रंथातील आशेचे वचन हे ऐकणाऱ्याच्या रोजच्या भाषेत पोहोचल्याशिवाय त्याच्यासाठी वचन ठरत नाही, ही त्यांची भूमिका मराठी भाषांतराच्या इतिहासातही महत्त्वाची आहे.

वारसा

केडगाव येथील संस्था 'पंडिता रमाबाई मुक्ती मिशन' या नावाने आजही कार्यरत असून निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करते. भारतीय टपाल खात्याने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.